परतीची तार

मोटारीला दिवे दोन कारणांसाठी असतात. काही आपल्याला दिसावं म्हणून आणि काही आपण दिसावं म्हणून. हेडलाइट पहिल्या जातीचे. रस्ता, खड्डा, वळण, मध्येच उभी राहिलेली म्हैस चालवणाऱ्याला दिसावी, एवढंच त्यांचं काम. पार्किंग लाइट आणि इंडिकेटर दुसऱ्या जातीचे. त्यांच्या उजेडात चालवणाऱ्याला स्वतःला काहीही दिसत नाही. 'मी इथं आहे' आणि 'मी आता या बाजूला वळणार आहे' ही दोनच वाक्यं ते बोलतात, तीही दुसऱ्यांशी. म्हणूनच हेडलाइट गेला तर मालक त्याच संध्याकाळी गॅरेजला धावत येतो आणि पार्किंग लाइट गेला तर महिना महिना फिरकत नाही.

ही विभागणी माझ्या वडिलांची. अब्बा कोल्हापुरातले जुने मोटार वायरमन. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिशियन' असं पुढं आलं. मोहल्ल्यात त्यांना सगळे बॅटरीवालेच म्हणत. १९५४ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, ते उस्तादांच्या हाताखाली गेले. पहिली दोन-तीन वर्षं तारा सोलणं, डाख द्यायचं लोखंड शेगडीवर तापवणं आणि चहा आणणं, एवढीच तालीम. उस्ताद कधी काही कागदावर उतरवत नसत. कुठल्या गाडीत कुठली तार कुठून निघते आणि कुठं जाते, हे सगळं त्यांच्या डोक्यात. शागिर्दानं बघून शिकायचं. विचारलं तर उत्तर मिळेलच असं नव्हतं, कारण शिकलेला शागीर्द उद्या समोरच दुकान टाकायचा.

तरी एक प्रश्न मात्र उस्तादांनी पहिल्याच महिन्यात शिकवला होता. गाडी दारात आली, की तिला हात लावण्याआधी विचारायचं, "इसका अर्थ क्या है?" मी शाळेत असताना अब्बांच्या तोंडून हा प्रश्न ऐकायची तेव्हा मला फार गंमत वाटायची. मराठीच्या पेपरात कवितेचा अर्थ विचारत, आमच्या दुकानात गाडीचा. पुढं विज्ञान शिकले तेव्हा कळलं, की हा इंग्रजी 'अर्थ'. घराच्या वायरिंगमध्ये दिव्याला दोन तारा जातात, एक वीज नेणारी आणि एक परत आणणारी. मोटारीत बहुतेक ठिकाणी नेणारी तार तेवढी असते. परतीचं काम गाडीचा लोखंडी सांगाडाच करतो. बॅटरीचं एक टोक सांगाड्याला जोडलेलं असतं, तोच तिचा अर्थ. आता बहुतेक सगळ्या गाड्यांत ते वजा टोक असतं. पण त्या काळच्या कित्येक इंग्लिश गाड्यांत अधिक टोक सांगाड्याला असायचं. न विचारता बॅटरी उलटी जोडली, की डायनामो आणि कटआउट यांचं व्हायचं ते होऊन जायचं. म्हणून आधी अर्थ विचारायचा.

अब्बांनी मोटारीच्या खुणांचा सगळा प्रवास पाहिला. सुरुवातीला ड्रायव्हर हात बाहेर काढूनच वळण दाखवत. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांना दारामागच्या खांबात एक छोटा दांडा बसवलेला असायचा. बटण दाबलं की तो पक्ष्याच्या पंखासारखा बाहेर यायचा आणि त्यात बारीक दिवा लागायचा. ट्रॅफिकेटर त्याचं नाव. पावसाळ्यात तो हमखास अडकायचा आणि ड्रायव्हर खिडकीतून बुक्की मारून त्याला जागेवर बसवायचा. मग लुकलुकणारे इंडिकेटर आले आणि त्यांच्याबरोबर फ्लॅशरची डबी आली. जुन्या डबीत तापणारी पट्टी किंवा तार असते. करंट गेला की ती तापते, तापली की संपर्क बदलतो, थंड झाली की पुन्हा पहिल्या जागी येतो. इंडिकेटरची ती टिकटिक म्हणजे तापण्या-निवण्याचाच आवाज.

१९६८ साली अब्बांनी स्वतःचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे दहा फुटांचा गाळा आणि समोरचा रस्ता. मी त्या गाळ्यात जेवणाचा डबा घेऊन जायची. डबा ठेवायचा आणि परत फिरायचं, असा नियम होता. ग्राहक, ड्रायव्हर, क्लीनर यांच्या घोळक्यात मुलीनं थांबू नये, हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्या भावाला मात्र अब्बा शाळा सुटली की हाताशी घ्यायचे. त्याला त्या कामाची गोडी नव्हती. टेस्ट लॅम्प धरून तो तिसरीकडंच बघायचा आणि मी उंबऱ्याशी उभी राहून, तार कुठं लावली तर दिवा पेटेल, याचा मनात अंदाज बांधायची. १९९१ साली भाऊ दुबईला गेला. मी पदार्थविज्ञान घेऊन शिकले आणि कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागले. अम्मींचा आग्रह आणि अब्बांचा होकार यांमुळे मी शिकले, हे मी कधी विसरले नाही. पण ज्या हुनरवर माझी फी भरली गेली, तो हुनर घरात कुणाकडंच आला नाही, हेही तितकंच खरं होतं.

आमच्या घरातली गाडी म्हणजे १९७९ची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. इटलीच्या फियाटचं ११०० डी मॉडेल तिथं १९६४पासून तयार होऊ लागलं, १९७४ साली त्याला पद्मिनी हे नाव मिळालं आणि २०००च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. गावाकडं मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत. आमची गाडी मूळची एका डॉक्टरांची. तिची सगळी देखभाल अब्बांकडंच होती. १९९४ साली तिच्या नोंदणीची पंधरा वर्षं भरली, नूतनीकरणाची दगदग डॉक्टरांना नको होती, आणि अब्बांनी ती हप्त्याहप्त्यानं विकत घेतली. त्या गाडीतून बहिणीची बिदाई झाली. त्याच गाडीतून अम्मींना दवाखान्यात नेलं-आणलं. अम्मी गेल्या आणि गाडीचं बाहेर निघणंही कमी झालं.

२०२३च्या पावसाळ्यात गल्लीत मागं येणाऱ्या एका टेम्पोनं तिला समोरून धडक दिली. पत्रा चेपला, हेडलाइटखालचा डावा दिवा फुटला आणि उजव्याच्या काचेला तडा गेला. पार्किंग आणि इंडिकेटर दोन्ही याच दिव्यांत. २०२४च्या सुरुवातीला नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण यायचं होतं. एप्रिल २०२२मध्ये त्याची फी सहाशेवरून पाच हजार रुपये झाली होती. वर दुरुस्ती, रंग आणि तपासणीचा खर्च. पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा आला आणि हिशेब मांडून बसला. "फुफी, इत्ता खर्चा कायकू? भंगार में दे डालेंगे," असं त्यानं अगदी सरळपणे सुचवलं. त्याचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी २०२१ साली सरकारनं व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. आमची गाडी त्या मानाला पाच वर्षं कमी पडत होती. म्हातारी होती, पण सरकारी कागदावर पुरती म्हातारी झालेली नव्हती.

त्याच ऑक्टोबरात वर्तमानपत्रात बातमी आली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून कायद्यानं बाद झाली. काचबिंदूमुळं अब्बांची नजर जवळजवळ गेली होती. बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बेचना है तो बेचो. पन दिवे जला के बेचो."

हा हट्ट कशासाठी होता, ते मला माहीत होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. एक ट्रकवाला दुकानावर आला होता. मागचे दिवे बंद होते. अब्बांनी अर्धा तास थांबायला सांगितलं. माल पोचवायची घाई होती, उद्या येतो म्हणून तो निघून गेला. त्या रात्री हायवेवर त्याचं टायर पंक्चर झालं आणि ट्रक रस्त्याच्या कडेला अंधारात उभा राहिला. मागून आलेल्या मोटारसायकलवाल्याला तो दिसलाच नाही. वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. अब्बांचा त्यात काय दोष? काहीच नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट धरली. दिवे बंद असलेली गाडी दुकानासमोरून जाऊ द्यायची नाही. पैसे नसतील तर नसोत, वेळ नसेल तर निदान तात्पुरती तार जोडून द्यायची. ग्राहक म्हणायचा, "राहू द्या चाचा, मला दिसतंय की." अब्बा कोल्हापुरी मराठीत सुनवायचे, "तुला दिसतंय रं, पण तू दुसऱ्याला दिसायला नको का?"

म्हणून दिवे बसवायचे ठरले. भाचा कुर्ल्याला गेला. सी.एस.टी. रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथून त्यानं नव्या दिव्यांची जोडी आणली. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली, तिथूनच तिचे डोळे आले. जुने दिवे धातूच्या बैठकीचे होते, हे प्लास्टिकचे. इकडं डेंटरनं पत्रा सरळ केला, पेंटरनं लांबी भरून दोन हात रंग मारला आणि त्याच्या पोऱ्यानं नवे दिवे स्क्रूनं आवळून तारा जोडून दिल्या. गाडी नव्या नवरीसारखी दिसत होती. संध्याकाळी अंगणात अब्बांना खुर्चीत बसवलं आणि मी आत बसून बटणं दाबू लागले.

पार्किंग लावला. उजवा दिवा नीट पेटला, डावा थोडा मंद. मग पार्किंग तसाच ठेवून डावा इंडिकेटर दिला आणि खाली उतरून बघितलं. मागचा दिवा ठीक लुकलुकत होता. पुढचा डावा मात्र उलटं वागत होता. मागचा पेटला की हा विझायचा, मागचा विझला की हा पुन्हा मंद पेटायचा. पार्किंग बंद करून इंडिकेटर दिला, तर निखाऱ्यासारखा धुगधुगायचा. भाचा म्हणाला, दिवाच खराब आला, परत करू.

अब्बांनी खुर्चीतूनच विचारलं, "क्या दिसताय, ठीक से बोल." मी जे दिसलं ते क्रमानं सांगितलं. ते म्हणाले, "जब जलने का, तब बुझताय?"

"हौ."

"दिवा अच्छा है. अर्थ गया है. करंट आ रा, उसकू घर कू जाने का रस्ता नै मिल रा."

न बघता केलेलं हे निदान ऐकून मी क्षणभर थांबले. मग माझ्याच विषयाच्या भाषेत ते माझ्यापुढं उलगडत गेलं. अशा दिव्यात एकाच काचेच्या फुग्यात दोन तंतू असतात, पार्किंगचा पाच वॉटचा आणि इंडिकेटरचा एकवीस वॉटचा. दोघांना करंट आणणाऱ्या तारा वेगळ्या, पण परतीचं टोक एकच. ते टोक सांगाड्याला पोचलं नाही, तर लहान तंतूतून आलेला करंट अडून बसत नाही. तो मोठ्या तंतूतून उलटा शिरतो, इंडिकेटरच्या तारेनं मागच्या दिव्यापर्यंत जातो आणि तिथला अर्थ चांगला असल्यामुळं तिथून घरी पोचतो. एवढा लांब वळसा घेतल्यामुळं दिवा मंद. आता इंडिकेटर दिला, की दुसऱ्या बाजूनंही तेवढाच दाब येतो. दोन्हीकडून सारखा दाब, म्हणजे करंट कुठंच जायचा नाही. दिवा पेटण्याच्या क्षणी विझतो तो यामुळं. किरचॉफचे नियम मी तीस वर्षं फळ्यावर शिकवले. अब्बांनी किरचॉफचं नावही ऐकलेलं नव्हतं.

पुढचं काम मी केलं. अब्बा सांगत गेले आणि मी करत गेले. भाचा बॅटरी हातात धरून उजेड दाखवत होता. साठीकडं झुकलेली बाई बोनेटमध्ये डोकं घालून उभी आहे, हे बघायला कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारची दोन-चार पोरं डोकावली. अब्बांना ती दिसली नाहीत. मला दिसली, आणि मी काम चालू ठेवलं.

पहिली आज्ञा, बॅटरीचं वजा टोक सोडव. अधिक टोक आधी सोडवायला गेलो आणि पान्याचं दुसरं टोक पत्र्याला लागलं, तर तिथंच शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. वजा टोक आधी काढलं, की सांगाडा मोकळा झाला, मग भीती नाही.

दुसरी आज्ञा, नव्या दिव्याच्या तारा ओळख. रंगावर जाऊ नको. जुन्या गाडीत दर दुरुस्तीला ज्याच्याकडं जी तार होती ती त्यानं जोडलेली असते. आणि नव्या दिव्यातल्या रंगांनाही आपल्या गाडीची ओळख नसते. आमच्या दिव्यातून एक काळी आणि दोन पिवळ्या तारा निघत होत्या. दिवा बाहेर काढून काळी तार सुट्या बॅटरीच्या वजा टोकाला धरली आणि एकेक पिवळी अधिक टोकाला लावून बघितली. जिच्यावर झगझगीत पेटला ती इंडिकेटरची, जिच्यावर सौम्य पेटला ती पार्किंगची. दोन्हींना कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या. बल्बच्या दोन खुंट्याही अब्बांनी मला बोटांनी चाचपायला लावल्या. त्या एका उंचीवर नसतात, एक वर आणि एक खाली. बल्ब होल्डरमध्ये एकाच बाजूनं बसावा म्हणून ही योजना. घाईत कुणी तो जोर लावून उलटा बसवला, की पार्किंग भगभगीत आणि इंडिकेटर मिणमिणता होतो.

तिसरी आज्ञा खरी महत्त्वाची होती. "पेंट निकाल उसके नीचे का. लोखंड चमकना." पोऱ्यानं काळ्या तारेचं थिंबल दिव्याच्या स्क्रूखालीच दाबलं होतं. पण त्या स्क्रूखाली लांबी होती आणि लांबीवर ताजा रंग. जुना धातूचा दिवा आपल्या स्क्रूमधूनच अर्थ घ्यायचा, प्लास्टिकला ती सोय नाही, आणि रंग तर वीज अडवतोच. भाच्याचा जीव तुटला, हजारो रुपयांचा रंग कालच मारला होता. मी बाहेरून दिसणार नाही अशी आतल्या बाजूची जागा निवडली आणि नखाएवढा तुकडा पॉलिश पेपरनं घासत राहिले, चांदीसारखा पत्रा दिसेपर्यंत. मग थिंबल, त्यावर दातेरी वॉशर, त्यावर नट, आणि सगळ्यावर गंज चढू नये म्हणून ग्रीसचा हात. एवढ्यावर अब्बांचं समाधान झालं नाही. पत्र्याच्या सांध्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. दोन्ही दिव्यांच्या थिंबलपासून एक चौरस मिलिमीटरची वेगळी काळी तार निघाली आणि बॅटरीची अर्थपट्टी जिथं सांगाड्याला आवळलेली आहे, त्याच बोल्टवर जाऊन बसली. सगळे जोड डाख देऊन केले, स्लीव्ह चढवली. नुसती तार पिळून वर टेप गुंडाळायला त्यांनी कुठंच परवानगी दिली नाही.

एवढ्याशा अर्थासाठी एवढा खटाटोप कशाला, असं भाच्यानं विचारलं. मी त्याला गणित सांगितलं. बारा व्होल्टवर एकवीस वॉटच्या बल्बचा रोध साधारण सात ओहम. परतीच्या वाटेवर गंजानं एक ओहमची भर घातली, तर बल्बला बाराऐवजी साडेदहा व्होल्टच मिळतात आणि एकवीस वॉटचे सोळा होतात. उन्हात मागच्याला तो इंडिकेटर दिसेल न दिसेल. मालक बल्ब बदलतो, फ्यूज बदलतो, स्विच बदलतो, कारण करंट आणणाऱ्या वाटेवरच्या सगळ्या वस्तू विकत मिळतात. परतीच्या वाटेवर विकत घेण्यासारखं काही नसतं. तिथं फक्त घासावं लागतं.

मग भाच्यानं एल.ई.डी. बल्बची गोष्ट काढली. कमी करंट, जास्त उजेड. अब्बा हसले. जुन्या फ्लॅशरला तापायला करंट लागतो, आणि तो त्या एकवीस वॉटच्या बल्बांच्या भारातूनच जातो. एल.ई.डी. इतका कमी करंट ओढतो, की पट्टी तापतच नाही आणि दिवा लुकलुकायचा विसरून नुसता पेटून राहतो. त्याला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घालावा लागतो. ते करता येतं, कुणी करू नये असंही नाही. पण अब्बांना ती टिकटिक हवी होती. आता त्यांच्यासाठी इंडिकेटर म्हणजे फक्त आवाजच उरला होता.

बॅटरी पुन्हा जोडली. डावा इंडिकेटर दिला. अब्बांनी मला घड्याळ बघायला सांगितलं आणि स्वतः बोटांच्या पेरांवर टिकटिक मोजू लागले. मिनिटाला ऐंशी. नियमाप्रमाणं मिनिटाला साठ ते एकशेवीस चालतात. मग उजवा, मग पार्किंगसह दोन्ही. डावा दिवा आता पेटण्याच्या वेळी पेटत होता. मी सगळं सांगितलं. ते "हं" म्हणाले. शाबासकीची मी वाट बघत नव्हते, उस्तादांनी त्यांनाही कधी दिली नसावी. थोड्या वेळानं ते म्हणाले, "कागज पे उतार ले. कौन सी तार कां गयी, सब." उस्तादांकडून जे कधी कागदावर आलं नाही, आणि स्वतः अब्बांनीही साठ वर्षांत कधी उतरवलं नव्हतं, ते त्यांनी मला लिहायला सांगितलं.

पुढचे चार रविवार आम्ही तेच केलं. पुढच्या दिव्यांपासून सुरुवात करून डिकीपर्यंत एकेक तार टेस्ट लॅम्पनं तपासली आणि कागदावर आणली. मध्ये मध्ये जुने उस्ताद, त्यांच्या शिव्या, मुंबईहून येणारे ड्रायव्हर, ट्रॅफिकेटरवर मारायच्या बुक्क्या, असं बरंच काही निघत गेलं. ते वेगळ्या वहीत लिहून ठेवलं आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये गाडी तपासणीत पास झाली आणि तिला आणखी पाच वर्षं मिळाली. भंगाराचा विषय भाच्यानं पुन्हा काढला नाही. उलट सुट्टीला आला की तोच अब्बांना शेजारी बसवून रंकाळ्यापर्यंत एक चक्कर मारून आणतो.

आपल्या मोहल्ल्यांतून असे हुनर घरोघर होते आणि आजही आहेत. डेंटर, पेंटर, रेडिएटरवाले, सीटकव्हर शिवणारे, वेल्डर. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांमधल्या स्वयंरोजगाराचं मोठं प्रमाण आकड्यांनिशी नोंदलेलं आहे. त्यात मोटार दुरुस्तीचाही उल्लेख आहे. आकडे आले, पण त्या हातांना जे येत होतं ते कुणी लिहून घेतलं नाही. आपण त्याला कधी तालीम म्हटलंच नाही. पोराचं शाळेत लक्ष लागत नाही म्हणून त्याला गॅरेजला घातलं, आणि पोरगी शाळेत हुशार आहे म्हणून तिला गॅरेजपासून लांब ठेवलं. एका घरात विद्या दोन वाटांनी वाढली आणि त्या दोन वाटांची कुठंच गाठ पडली नाही. आमच्या घरी ती पडायला एका टेम्पोची धडक लागली. तोवर अब्बांची नजर गेली होती.

भिंतीवरून डोकावणाऱ्या पोरांत एक मुलगी होती. ती आता आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करते. अधूनमधून ती अब्बांकडं येते, त्यांना काहीतरी विचारते आणि मग आमचा कागद मागून घेते. परवा तिनं विचारलं, पुस्तकातल्या आकृतीत अर्थची खूण म्हणजे दिव्याखाली तीन आडव्या रेघा काढून सोडून देतात, तुम्ही या कागदावर तसं का केलं नाही?

मी मुद्दामच तसं केलं नाही. आमच्या आकृतीत प्रत्येक दिव्यापासून परतीची रेघ जाड पेनानं बॅटरीपर्यंत पूर्ण काढलेली आहे. त्यामुळं कागद जरा गिचमिडा दिसतो. तो आता प्लास्टिकच्या पाकिटात घालून गाडीतच ठेवला आहे. वरच्या कोपऱ्यात गाडीचं मॉडेल आणि साल आहे. त्याखाली मराठीत, ठळक अक्षरांत, पहिली ओळ आहे: अर्थ – वजा.